दोन उपासनांमधले सहा दिवस : देवाशी नाते जपण्याचे अनुभव

रविवारच्या उपासनेत चर्चमधील मंडळीबरोबर गाताना देवाचे सान्निध्य सहज जाणवते. सोमवारी कामाला जुंपल्यावर ती जाणीव कोठे जाते, हा प्रश्न प्रत्येक विश्वासणाऱ्याला केव्हा ना केव्हा पडतो. काय करावे हे सांगणारे लेखन आपल्याकडे पुष्कळ आहे. येथे मात्र आपण प्रत्यक्षात काय करता, कोणत्या वेळी व कोणत्या शब्दांत करता, आणि शब्दच सुचत नाहीत तेव्हा काय होते, हे मोकळेपणाने लिहावे, अशी सर्वांना विनंती आहे.

सुरुवात मीच करतो. रोज पहाटे बायबलमधील स्तोत्रसंहितेतले एक स्तोत्र क्रमाने आणि मोठ्याने वाचायचे, असा माझा परिपाठ आहे. स्तोत्रे १५० असल्यामुळे एक फेरी साधारण पाच महिन्यांत पूर्ण होते; ११९ वे स्तोत्र १७६ वचनांचे असल्याने तेवढे मी अनेक दिवसांत वाटून घेतो. क्रम न मोडण्यामागे कारण आहे. मनाला भावेल ते स्तोत्र निवडू लागलो, तर मी माझ्याच मनःस्थितीभोवती फिरत राहीन. क्रमाने वाचताना कधी अगदी आनंदाच्या दिवशी १३ वे स्तोत्र समोर येते. त्याचा कर्ता सुरुवातीलाच ‘कोठवर’ असे देवाला पुन्हा पुन्हा विचारतो, आणि माझी तर त्या दिवशी काहीच तक्रार नसते. अशा वेळी आज हे शब्द कोणाच्या तोंडी असतील, याचा मी विचार करतो. तपासणीच्या निकालाची वाट पाहणारा एखादा स्नेही आठवतो, नोकरी गेलेला कोणी आठवतो, आणि ते स्तोत्र मी त्याच्या वतीने पुन्हा वाचतो. माझी प्रार्थना माझ्या घराच्या उंबरठ्याबाहेर पडली ती या सवयीमुळे, असे मी खात्रीने सांगू शकतो.

रात्रपाळी करणाऱ्या एक परिचारिका लिहितात :

माझ्या कामात बसून प्रार्थना करण्याची सोय नसते. परंतु एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात स्वच्छ करावेच लागतात, आणि ते घाईघाईने करून चालत नाही. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोके असा ठरलेला क्रम असतो. तेवढ्या वेळात मी पुढच्या रुग्णाचे नाव मनात घेऊन प्रभूकडे एकच वाक्य बोलते : ‘प्रभू, याला काय हवे आहे ते मला दिसू दे.’ रुग्णाला याचा पत्ता नसतो आणि मीही त्याला कधी सांगत नाही. परंतु त्यानंतर पडदा सारून आत गेले की मी आधी चेहऱ्याकडे पाहते आणि मग यंत्राकडे.

बायबलमधील नहेम्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातील एक प्रसंग मला फार जवळचा वाटतो. नहेम्या हा पारसाच्या राजाचा प्यालेबरदार. राजा त्याला ‘तुझी काय विनंती आहे?’ असे विचारतो. नहेम्या स्वर्गाच्या देवाची प्रार्थना करतो आणि लगेच राजाला उत्तर देतो. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये मावणारी ती प्रार्थना किती लहान असेल! तरीही पवित्र शास्त्राने तिची नोंद घेतली आहे.

एका तान्ह्या बाळाची आई थोडक्यात लिहितात :

सध्या मला अखंड झोप नाही, त्यामुळे शांतसमयही, म्हणजे एकांतात बायबल वाचून प्रार्थना करण्याचा रोजचा वेळही नाही. रात्री बाळाला पाजताना मी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूची प्रार्थना म्हणते. पुष्कळदा रोजच्या भाकरीच्या ओळीपर्यंत पोहोचता पोहोचता डोळा लागतो. जाग आली की तेथूनच पुढे म्हणते.

पतीच्या निधनानंतरच्या काळाविषयी एक भगिनी लिहितात :

कित्येक महिने मला प्रार्थना करता येत नव्हती. देव नाही, असे मला कधीही वाटले नाही; त्याच्याशी बोलायला मात्र तोंड उघडत नव्हते. लोक प्रेमाने पुनरुत्थानाच्या आशेची वचने पाठवत. ती खरी आहेत, हे मलाही ठाऊक होते, पण ती मला पेलवत नव्हती. आमच्या मंडळीतील एक वडीलधाऱ्या बाई रोज सायंकाळी दूरध्वनी करत, एक स्तोत्र वाचत, ‘आमेन’ म्हणत आणि फोन ठेवत. ‘कशी आहेस?’ असे त्या विचारत नसत, म्हणूनच मी त्यांचा फोन घेत असे.

एके दिवशी त्यांनी ८८ वे स्तोत्र वाचले. बहुतेक विलापाची स्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, ते अंधारातच संपते. त्यांनी शेवटी सांत्वनाचे एकही वाक्य जोडले नाही. असे स्तोत्र पवित्र शास्त्रात आहे, याचा अर्थ माझ्यासारखीला देवापुढे जागा आहे, हे मला त्या सायंकाळी उमगले. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात, प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे प्रेषित पौल सांगतो. त्या महिन्यांत माझे देवाशी असलेले नाते मी टिकवले नाही. ते त्याने टिकवले, आणि त्यासाठी त्याने मंडळीचा आवाज वापरला. आता मी स्वतः दोन घरी असाच फोन करते.

हिशेबनीस म्हणून काम करणारे एक बंधू लिहितात :

झोपण्यापूर्वी मी दिवसाची उजळणी करतो. ही पद्धत येशू संघाचे (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांच्या परंपरेतील आहे : आभार मानणे, पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागणे, दिवस सावकाश डोळ्यांसमोर आणणे, क्षमा मागणे आणि उद्यासाठी कृपा मागणे. तिसऱ्या पायरीवर मी सर्वाधिक वेळ थांबतो. दिवसभरात ज्याकडे लक्षही गेले नाही असे काहीतरी तेथे वर येते. एखाद्या सहकाऱ्याने आपले काम बाजूला ठेवून माझी फाईल शोधून दिलेली असते, आणि त्यात देवाचा हात होता, हे मला रात्री दिसते. मग दुसऱ्या दिवशी त्या सहकाऱ्याचे आभार मानणे, हा प्रार्थनेचाच पुढचा भाग होतो.

यावर एक निवृत्त पाळक आपले मत मांडतात :

वरील सर्व अनुभवांबद्दल मी देवाची स्तुती करतो. एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगावीशी वाटते. ‘काम हीच प्रार्थना’ असे म्हणताना सतराव्या शतकातील फ्रेंच मठवासी ब्रदर लॉरेन्स यांचा दाखला नेहमी दिला जातो. पॅरिसमधील कार्मेली या संन्यासी संघाच्या मठाच्या स्वयंपाकघरात भांड्यांच्या गडबडीतही त्यांना देवाची उपस्थिती जाणवत असे, हे खरे आहे. परंतु ते मठात राहत होते, आणि तेथे दिवसाचे प्रहर सामूहिक प्रार्थनेने बांधलेले असत. स्वयंपाकघरातील त्यांची प्रार्थना या नेमाच्या आधारावर उभी होती. लूकच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, बरे होण्यासाठी लोकांच्या झुंडी येत असतानाही प्रभू येशू एकांतात जाऊन प्रार्थना करत असे, असे लिहिले आहे. गरजवंत समोर असताना तो बाजूला झाला, हे मला आजही विचारात पाडते. कामातली प्रार्थना आणि राखून ठेवलेला वेळ यांपैकी एकावर भागवू नये, असे माझे ठाम मत आहे. तान्ह्या बाळाच्या आईला मात्र मी हा नियम लावणार नाही.

परिचारिका भगिनींचे उत्तर :

आपले म्हणणे मला मान्य आहे, कारण सुट्टीच्या सकाळी मी बायबल घेऊन बसत नाही त्या आठवड्यात हात धुतानाचे माझे वाक्य पाठांतरासारखे होऊन जाते, हे मी स्वतः अनुभवले आहे. सध्या त्या सकाळी मी मार्ककृत शुभवर्तमान वाचत आहे, आणि प्रभूने ज्यांना हाताने स्पर्श करून बरे केले त्यांचे वृत्तान्त एका वहीत वेगळे लिहून काढत आहे. आपल्यापैकी कोणाला सोबत वाचायचे असल्यास या आठवड्यात पाचवा अध्याय सुरू आहे.