मदत हवी आहे: फेडरल तुरुंगातून कारजॅकिंगच्या शिक्षेला आव्हान (कलम २२५५ खालचा अर्ज)

घाटमाथा:
नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या फेडरल फौजदारी कामाची माहिती असलेल्यांकडून मदत हवी आहे. नात्यातला एक मुलगा व्हर्जिनियातल्या खटल्यात शिक्षा भोगतो आहे. नावगाव देत नाही, कागदावरचे तेवढे देतो.

आरोप दोन. कलम २११९ खाली कारजॅकिंग (बळाने किंवा धाकाने गाडी घेणे) आणि कलम ९२४(सी) खाली त्याच गुन्ह्यात पिस्तूल रोखणे. गुन्हा कबूल केला नव्हता, ज्यूरीने दोन्हींत दोषी धरले. पहिल्यासाठी ८७ महिने, दुसऱ्यासाठी ८४, एकापाठोपाठ एक. एकूण १७१. आधीचा गुन्हा नाही. गाडीवाल्याला थोडी दुखापत झाली होती. चौथ्या सर्किटने (व्हर्जिनियासाठीचे फेडरल अपील कोर्ट) अपील १४ ऑगस्ट २०२५ ला फेटाळले. फेरविचार मागितला नाही, सुप्रीम कोर्टातही कोणी गेले नाही. अपिलात मुद्दा एकच होता: मारण्याचा हेतू सिद्ध झालेला नाही.

आता आतल्या कोणी त्याला सांगितले आहे की 'डेव्हिस' आणि 'टेलर' निकालांमुळे ९२४(सी) उडते. हे खरे का? मुदत कधीपर्यंत? आणि वकील नसताना अर्ज कसा करायचा?

खटलेबाज:
आधी मुदत, कारण ती चुकली तर बाकी सगळी चर्चा फुकट.

२२५५ चा अर्ज शिक्षा अंतिम झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. सुप्रीम कोर्टात गेले नसाल तर तिथे जाण्याचे ९० दिवस संपतात तेव्हा शिक्षा अंतिम होते (क्ले खटला, २००३). १४ ऑगस्टपासून ९० दिवस म्हणजे १२ नोव्हेंबर २०२५. त्यामुळे शेवटची तारीख १२ नोव्हेंबर २०२६.

नेहमीची गफलत अशी की सर्किट कोर्टाचा मँडेट (निकाल खालच्या कोर्टाला कळवणारा आदेश) नंतर निघतो आणि लोक तिथून दिवस मोजतात. ९० दिवस निकालाच्या नोंदीपासून धरायचे, मँडेटपासून नाही. आणि शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. तुरुंगात लॉकडाऊन लागला की वाचनालयही बंद आणि झेरॉक्सही बंद, आणि त्यासाठी मुदत वाढवून मिळेल याची खात्री नाही.

तळटीप:
डेव्हिस आणि टेलरबद्दल. आत फिरणाऱ्या कागदांत हे दोन निकाल सगळ्याच खटल्यांना चिकटवलेले असतात.

९२४(सी) साठी मूळ गुन्हा 'हिंसेचा गुन्हा' असावा लागतो. त्याच्या व्याख्येचे दोन भाग होते. डेव्हिसने (२०१९) दुसरा, मोघम भाग रद्द केला. पहिला भाग शाबूत आहे: ज्या गुन्ह्याच्या घटकांतच बळाचा वापर, प्रयत्न किंवा धमकी येते तो गुन्हा. २११९ मध्ये गाडी बळाने किंवा धाक दाखवून घेणे हा घटकच आहे. चौथ्या सर्किटने इव्हान्स खटल्यात (२०१७) कारजॅकिंग याच पहिल्या भागात बसवले आहे. इतर सर्किटांनीही तेच धरले आहे.

टेलर (२०२२) हा व्यापाराला बाधा आणणाऱ्या लुटीविरुद्धच्या हॉब्ज अॅक्टखालच्या लुटीच्या प्रयत्नाबद्दल आहे. प्रयत्नाला फक्त हेतू आणि एक ठोस पाऊल पुरते, धमकी द्यावीच लागते असे नाही, म्हणून तो बाहेर पडला. तेव्हा आरोपपत्रातला तो परिच्छेद काढून बघा. गाडी 'घेतली' असे आहे की 'घेण्याचा प्रयत्न केला' असे? की ९२४(सी) नुसत्या कटावर उभे आहे? कटावर उभे असेल तर डेव्हिस लागू पडतो. नुसता प्रयत्न असेल तर मुद्दा मांडण्यासारखा तरी होतो. गाडी प्रत्यक्ष नेली असेल तर हा रस्ता बंद समजा.

हेतूचा मुद्दाही सोडून द्या. 'गाडी दिली नाहीस तर मारीन' असा सशर्त हेतू पुरतो हे हॉलोवे खटल्यात (१९९९) ठरले आहे. शिवाय अपिलात निकाली निघालेला मुद्दा २२५५ मध्ये पुन्हा उकरता येत नाही.

हिशेबनीस:
इथे सगळे ९२४(सी) च्या मागे लागलेत, पण मला त्या ८७ महिन्यांत काहीतरी खटकते आहे.

शिक्षेच्या मार्गदर्शिकेत लुटीचे कलम २बी३.१ आहे. गुन्ह्याची मूळ पातळी २० (पातळी वाढली की शिक्षेच्या महिन्यांचा पट्टा वर सरकतो). कारजॅकिंगचे २ आणि दुखापतीचे २ मिळवले की झाले २४. आधीचा गुन्हा नसेल तर २४ ला ५१ ते ६३ महिने येतात. मग ८७ कुठून आले? त्याच कलमात पिस्तूल रोखल्याबद्दल ५ पातळ्या आहेत. त्या मिळवल्या की २९, आणि २९ चा पट्टा आहे ८७ ते १०८. तुमचा आकडा नेमका तळाचा आहे.

पण ९२४(सी) ची वेगळी शिक्षा होत असताना मूळ गुन्ह्यात त्याच पिस्तुलाचे ५ मिळवायचे नाहीत, असे मार्गदर्शिकेतल्याच कलम २के२.४ ची टीप ४ स्पष्ट सांगते. एकाच पिस्तुलाची शिक्षा दोनदा नको म्हणून. अपवाद असा की लुटी दोन असतील आणि ९२४(सी) एकीपुरतेच असेल, तर दुसरीला ५ लावता येतात. तुमच्याकडे एकच गाडी दिसते.

हा अजून अंदाज आहे. ८७ दुसऱ्या वाटेनेही येऊ शकतो, उदाहरणार्थ कायमची किंवा जिवावर बेतणारी दुखापत धरली असेल किंवा न्यायाधीशांनी पट्ट्याबाहेर जाऊन शिक्षा दिली असेल. शिक्षेपूर्वीचा अहवाल म्हणजे पीएसआर बघितल्याशिवाय अर्जात एक ओळही लिहू नका.

घाटमाथा:
आभार. पीएसआर त्याच्याजवळ नाही, ठेवू देत नाहीत म्हणतो. कुठून मिळवायचा?

खटलेबाज:
बरोबर, फेडरल तुरुंगात त्याची प्रत स्वतःजवळ ठेवायला बंदी आहे. केस मॅनेजरकडे लेखी मागून तिथे बसून वाचता येतो. दुसरा मार्ग जुना वकील. अशिलाची फाइल त्याने द्यायची असते, मात्र मागणी मुलाच्या सहीने जाऊ द्या, तुमच्या नाही.

सोबत शिक्षेच्या दिवसाचा ट्रान्सक्रिप्ट (कोर्टातल्या बोलण्याची शब्दशः नोंद) हवाच. तो निघाल्यापासून ९० दिवसांनी पेसरवर (फेडरल कोर्टांच्या कागदांचे संकेतस्थळ) दिसतो. पानाला १० सेंट. एका दस्तऐवजाला ३ डॉलरची कमाल मर्यादा असते, पण ती ट्रान्सक्रिप्टला लागू नाही. ७० पाने उघडलीत तर ७ डॉलर. तिमाहीत बिल ३० डॉलर किंवा कमी झाले तर माफ होते, तेव्हा एकदा उतरवून घ्या आणि जपून ठेवा.

घाटमाथा:
दोन्ही मिळाले. पीएसआरमध्ये 'पिस्तूल रोखले: अधिक ५' असा परिच्छेद आहे, एकूण पातळी २९. ट्रान्सक्रिप्टमध्ये वकील म्हणतो, 'हिशेबाला हरकत नाही.' न्यायाधीश म्हणतात, 'पट्ट्याच्या तळाची शिक्षा पुरेशी आहे.' आरोपपत्रात गाडी 'घेतली' असेच आहे.

हिशेबनीस:
मग तुमचा मुद्दा सापडला. आता तो कोणत्या दारातून न्यायचा ते महत्त्वाचे.

'मार्गदर्शिकेचा हिशेब चुकला' एवढेच लिहिलेत तर अर्ज पडेल. तशी चूक २२५५ मध्ये सहसा ऐकून घेत नाहीत, आणि अपिलात का मांडली नाही हेही विचारतात. 'वकिलाने हरकत घेतली नाही, म्हणून सहाव्या घटनादुरुस्तीने दिलेला सक्षम वकिलाचा हक्क डावलला गेला' असे लिहायचे. हा मुद्दा अपिलात न मांडताही २२५५ मध्ये पहिल्यांदा आणता येतो (मसारो खटला, २००३).

स्ट्रिकलंड खटल्याप्रमाणे (१९८४) दोन गोष्टी दाखवायच्या. पहिली, वकिलाचे काम दर्जाखाली होते. टीप ४ छापील आहे, ती न वाचण्यात डावपेच कसला? दुसरी, हरकत घेतली असती तर निकाल बदलला असता अशी वाजवी शक्यता. इथे न्यायाधीशांचे ते 'तळाची शिक्षा' हे शब्द सोन्यासारखे आहेत: खऱ्या पट्ट्याचा तळ ५१, फरक ३६ महिने. ग्लोव्हर खटल्यात (२००१) सुप्रीम कोर्टाने सांगितले आहे की हिशेबाच्या चुकीने वाढलेला तुरुंगवास थोडा असला तरी ते नुकसानच. 'हिशेब काहीही असो, मी हीच शिक्षा दिली असती' असे न्यायाधीश कुठे बोललेत का, ते ट्रान्सक्रिप्टमध्ये पुन्हा एकदा तपासा. तसे वाक्य असेल तर मुद्दा निम्मा मरतो.

अपिलाच्या वकिलानेही हे सोडले, तो वेगळा दुसरा मुद्दा करा.

तळटीप:
सहमत. डेव्हिस आता अर्जात घालूच नका. पोकळ मुद्द्यांच्या गर्दीत चांगला मुद्दा हरवतो. मात्र जे खरोखर मांडायचे आहे ते सगळे पहिल्याच अर्जात येऊ दे. वर्ष उलटल्यावर नवा मुद्दा जोडायचा तर तो जुन्याच घटनांवर बेतलेला असावा लागतो (मेल खटला, २००५). आणि दुसऱ्यांदा २२५५ करायला आधी सर्किट कोर्टाची परवानगी लागते. ती नव्या पुराव्यावर किंवा पूर्वलक्षी ठरवलेल्या नव्या घटनात्मक नियमावरच मिळते. हिशेबाची चूक त्यात कधीच बसणार नाही.

खटलेबाज:
आता कागद. एओ २४३ हा छापील नमुना कोर्टाच्या कारकुनाकडे किंवा तुरुंगातल्या वाचनालयात मिळतो. फी नाही. अर्ज शिक्षा देणाऱ्या कोर्टातच, बहुधा त्याच न्यायाधीशांपुढे जातो. प्रत्येक मुद्द्याखाली आधी घटना लिहायच्या: पीएसआरचा परिच्छेद क्रमांक, ट्रान्सक्रिप्टचे पान आणि ओळ. खटल्यांची नावे वेगळ्या निवेदनात. पीएसआर सीलबंद असतो आणि कोर्टाच्या नोंदीत आहेच, तो जोडू नका. अर्जावर 'खोटे असल्यास शपथभंगाच्या शिक्षेस पात्र' अशी प्रतिज्ञा आणि सही मुलाचीच.

टपाल त्याने तुरुंगाच्या लीगल मेलमधूनच (कोर्टाच्या टपालाची वेगळी सोय) द्यावे. तसे दिले आणि कोणत्या तारखेला दिले, पहिल्या वर्गाचे टपाल तिकीट भरले, एवढे प्रतिज्ञेवर लिहिले की हाती दिल्याची तारीख हीच दाखल तारीख धरतात. घरच्यांनी बाहेरून पोस्टात टाकले तर ही सवलत नाही, मग कोर्टात पोचेल ती तारीख.

अर्ज पहिल्या चाळणीत टिकला तर सरकारला उत्तर द्यायला सांगतात आणि जुन्या वकिलाकडूनही प्रतिज्ञापत्र येते. वकिलावर आरोप केल्याने त्या मुद्द्यापुरती अशील-वकील गोपनीयता जाते, हे मुलाला आधी सांगा. फुकट वकिलाचा हक्क सुरुवातीला नाही. साक्षीपुराव्याची सुनावणी ठरली तर मात्र कोर्टाला ऐपत नसलेल्याला वकील द्यावाच लागतो. फेटाळला तर अपिलाला ६० दिवस, पण अपील चालण्याआधी अपिलयोग्यतेचे प्रमाणपत्र लागते. न्यायाधीशांनी नाकारले तर तेच सर्किट कोर्टाकडे मागता येते.

हिशेबनीस:
अवांतर: तुरुंग-सुधारणेच्या फर्स्ट स्टेप अॅक्टचे कार्यक्रम करून मिळणारे सवलतीचे दिवस ९२४(सी) असलेल्यांना लागू नाहीत, त्यावर गणित बांधू नका. चांगल्या वर्तणुकीचे वर्षाला ५४ दिवसांपर्यंत मात्र मिळतात, आणि अर्ज मान्य होऊन शिक्षा १३५ महिन्यांवर आली तर ते दिवसही १३५ वरच मोजतात.