चाचा, चाचे, चाचेगिरी : आधी ‘समुद्री’ लावायलाच हवं का?

प्रश्न

‘कॅप्टन फिलिप्स’ (2013) पाहिला. दुसऱ्या दिवशी भाचीला गोष्ट सांगायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. “एक चाचा शिडी लावून जहाजावर चढला” म्हटलं, तर ती विचारते, “कोणाचा चाचा?” मग ‘समुद्री चाचा’ म्हणून वेळ मारून नेली. बातम्यांतही ‘समुद्री चाचे’च असतं. हे बरोबर आहे का?

उत्तर

माझ्या मते नको. चाचा म्हणजेच समुद्रावर लुटणारा. जमिनीवरच्या लुटारूला कुणी चाचा म्हणत नाही. ‘समुद्री चाचा’ हा पिवळा पीतांबर झाला. चित्रपटातल्या चाच्यांच्या सोमाली भाषेत ‘बुर्अद बदेद’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘समुद्राचे लुटारू’. त्यांचा मूळ शब्द साध्या लुटारूचा, म्हणून त्यांना समुद्र जोडावा लागतो. आपल्याकडे त्यासाठी वेगळा, एकट्याने उभा राहणारा शब्द आहे. तो जपायला हवा असं मला मनापासून वाटतं. जुन्या लिखाणात तो ‘चांचा’ असा अनुस्वारासह भेटेल.

भाचीचा गोंधळ मात्र खरा आहे, कारण हिंदीतले काका कानात आधी शिरतात. पण विभक्ती लागली की दोघे वेगळे होतात. काकांबद्दल बोलताना ‘चाचांनी’, लुटारूंबद्दल ‘चाच्यांनी’. त्यामुळे ‘चाच्यांनी जहाज पळवलं’ हे वाक्य कुणालाच अडत नाही, ‘एक चाचा आला’ हे अडतं. एकवचन कमी ऐकू येतं त्याचं हे एक कारण असावं. शिवाय ते येतात टोळीनेच.

दुसरं उत्तर

वरच्याशी सहमत. त्याच चित्रपटाच्या निमित्ताने ‘खंडणी’बद्दल. तो ज्या खऱ्या घटनेवर आहे, तिच्यात 8 एप्रिल 2009 रोजी चौघे सोमाली चाचे ‘मर्स्क अलाबामा’ या मालवाहू जहाजावर चढले. 20 जणांपैकी बहुतेक खलाशी खाली यंत्रांच्या भागात दडून बसले. कप्तान फिलिप्सने तिजोरीतले 30,000 डॉलर देऊ केले. ही खंडणी का? माझ्या मते ही लूटच. खंडाने दिलेली जमीन आठवा: खंड म्हणजे आधी ठरवलेली रक्कम. खंडणीतही ठराव आहे, घासाघीस आहे, समोर देणारा आहे. चाच्यांना हवी होती ती जहाजाच्या मालकाकडून लाखांतली खंडणी. ती मिळण्यासाठी हातात माणूस लागतो, म्हणून कप्तानाला जीवरक्षक होडीत घालून नेलं.

इथे ‘ओलीस’ शब्दही पाहा. जुन्या राजकारणात ओलीस तहाच्या हमीसाठी दिला जाई. पुरंदरच्या तहानंतर (1665) लहानगे संभाजीराजे जयसिंगाच्या छावणीत राहिले ते असेच. फिलिप्सला कुणी दिलं नव्हतं, पकडलं होतं. म्हणून मी ‘ओलीस ठेवलं’पेक्षा ‘ओलीस धरलं’ लिहीन.

तिसरं उत्तर

एक गोष्ट कळकळीने सांगतो. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी आंग्रे ‘पायरेट’ आहेत, आणि ते वाचून आपलेच लोक त्यांना चाचे लिहितात. कान्होजी छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. त्यांच्या पाण्यातून जायला दस्तक, म्हणजे परवाना लागे. पोर्तुगीजही आपले परवाने घ्यायला लावत. 1982 च्या सागरी कायद्याच्या कराराने चाचेगिरीची जी व्याख्या केली, तिच्यात ‘खासगी हेतूसाठी’ ही अटच आहे. शिवाय कृत्य खुल्या समुद्रात झालेलं हवं. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत तेच कृत्य सशस्त्र दरोडा ठरतं. एका शब्दावर एवढं अवलंबून असतं. ‘अलोंड्रा रेनबो’ जहाज पळवणाऱ्यांना मुंबईत 2003 मध्ये शिक्षा झाली आणि 2005 मध्ये उच्च न्यायालयातून ते सुटले. तेव्हा आपल्याकडे चाचेगिरीचा स्वतंत्र कायदाच नव्हता. तो 2022 मध्ये आला. मार्च 2024 मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने 35 सोमाली चाच्यांना पकडून मुंबईत आणलं, तेव्हा तो हाताशी होता.

प्रश्नकर्ती

आभार. ‘समुद्री’ काढून टाकलं. आता शेवटचं. चाच्यांचा म्होरक्या मुसे कप्तानाला बजावतो की जहाज आता त्याच्या हुकमात आहे, ते मराठीत कसं म्हणाल? “आता मी कप्तान आहे” फार सपक वाटतं.

दुसरं उत्तर

“आता कप्तान मी.” ‘आहे’ गाळा आणि ‘मी’ शेवटी न्या. सगळा जोर तिथेच पडतो.