फ्लाय इन द ऑइंटमेंट : मलमातली माशी नको, मग काय?

प्रश्न : भाषांतरात एक वाक्य अडलंय. नवं घर सगळ्यांना पसंत आहे, ऐसपैस आहे, उजेड भरपूर. 'द ओन्ली फ्लाय इन द ऑइंटमेंट' म्हणजे गाडी लावायला जागा नाही. 'मलमातली माशी' लिहिलं तर लोक हसतील. 'मिठाचा खडा' चालेल का?

– मिठाचा खडा नको हो. तो पडला की दूध नासतं, म्हणजे सगळंच गेलं. शिवाय तो बहुधा कुणीतरी टाकलेला असतो. माशीच हवी असेल तर आपली शिंकणारी आहे की!

– पण माशी शिंकली की चालू काम थांबतं, आणि का थांबलं ते धड कळत नाही. 'बोलणी झाली, देणंघेणं ठरलं, मग कुठं माशी शिंकली कोण जाणे.' इथं घर घेऊन झालंय, कारणही समोर दिसतंय. 'प्रथमग्रासे मक्षिकापातः' सुद्धा बसत नाही, ते पहिल्याच घासासाठी राखलेलं.

मुळात ही इंग्रजी माशी बायबलच्या जुन्या करारातली. उपदेशक, अध्याय १०, पहिलंच वचन : मेलेल्या माश्यांनी सुगंधी तेलाला घाण येते, तसा थोडासा मूर्खपणा शहाणपणाला भारी पडतो. इंग्रजी भाषांतरांत, १६११ च्या किंग जेम्स बायबलातही, त्या तेलाचं 'ऑइंटमेंट' झालं. म्हणजे मलम तिथंही नव्हतंच. गंमत म्हणजे मूळ वचनात माशी तेल पार नासवते; आजच्या इंग्रजीत ती बऱ्याचदा नुसती खुपते.

– 'मेख' किंवा 'गोम' कशी वाटते?

– दोन्ही लपलेल्या असतात. व्यवहारात आत काहीतरी दडलंय, असा वास येतो. गाडीची जागा नाही हे पहिल्या दिवशीच दिसतं.

– मला 'गालबोट' सुचलं. चांगल्या गोष्टीवर एवढासा काळा ठिपका, अर्थ नेमका जुळतो. खरं तर तीट लावायची ती दृष्ट लागू नये म्हणून, पण बातम्यांनी तिचा डागच करून टाकला : 'मिरवणुकीला गालबोट' म्हणजे हाणामारी झाली असं समजायचं. त्यामुळे घराला गालबोट म्हटलं की वाचणारा पोलिसांची वाट बघेल.

– वाक्प्रचाराला वाक्प्रचारच द्यायला हवा असं कुणी सांगितलं? आपण बोलताना काय म्हणतो? 'तेवढं एक पार्किंगचं सोडलं, तर घर झकास आहे.' 'तेवढं एक' मध्ये सगळं आलं. कुरकूर आली, ती फार मनावर घेतलेली नाही हेही आलं.

प्रश्नकर्ती : 'तेवढं एक' घेते. पण लेखिकेची ही आवडती माशी दिसतेय, पुढच्याच प्रकरणात पुन्हा आलीय. तिथं जमिनीचा सौदा ऐन सहीच्या वेळी फिसकटतो, का ते कुणालाच कळत नाही. तिथं मात्र माशीला शिंकू देते.