भाड्याच्या घराची सुरक्षितता: भाडेकरूने बघायची, मालकाने की सरकारने?

उंबरठा:
एक बाजू म्हणते, घर नीट बघून घ्या, पटलं नाही तर घेऊ नका. सक्तीच्या तपासण्या आणल्या की त्यांचा खर्च शेवटी भाड्यातच येतो. दुसरी म्हणते, सक्ती नसेल तर मालक एक तारही बदलणार नाही. तत्त्वावर पुष्कळ भांडून झालंय. सही करण्याआधी भाडेकरू स्वतः काय तपासू शकतो, आणि कुठे त्याचं काहीच चालत नाही, हे जाणकारांनी सांगावं.

तारजोडणी:
विजेपुरतं लिहितो. मुख्य पेटीत आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा खटका) आहे का बघा, त्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं हवं. चाचणीचं बटण दाबलं की खटका तत्क्षणी पडला पाहिजे. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. बटण दाबून फक्त ते यंत्र चालतं हे कळतं, अर्थिंगची तार सॉकेटपर्यंत पोचली आहे की नाही हे कळत नाही. त्यासाठी तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर प्रत्येक सॉकेटमध्ये घालून बघा. अर्थिंग किती चांगलं आहे हे तोही सांगत नाही, फक्त आहे की नाही तेवढं.

सगळ्यात जास्त घात होतो तो एमसीबी (ठरलेल्यापेक्षा जास्त वीज ओढली की पडणारा खटका) आणि तार यांचा मेळ नसल्याने. तांब्याच्या १.५ चौरस मिलिमीटर तारेला १० अँपिअर, २.५ ला १६ आणि ४ ला २५, हा सर्वसाधारण हिशोब. खटका सारखा पडतो म्हणून कोणीतरी २.५ च्या तारेवर ३२ चा एमसीबी बसवतं. त्रास थांबतो, पण आता २८ अँपिअर ओढले तरी खटका पडत नाही आणि तार भिंतीच्या आत तापत राहते. आवरण कडक होतं, तडकतं, मग एके दिवशी ठिणगी.

ते आवरण शाबूत आहे का, हे मेगरने (आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) ५०० व्होल्ट देऊन तपासतात; रोध १ मेगाओहमच्या खाली आला तर जोडणी नापास. त्यासाठी उपकरणं काढून ठेवावी लागतात आणि हे काम येणारा माणूस लागतो. घर बघायला आलेल्याला हे कोण करू देईल? इथे नियमच हवा. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनुसार भाड्याच्या घरातल्या वीजजोडणीची तपासणी निदान दर पाच वर्षांनी करावी लागते.

गिलावा:
तारजोडणींशी सहमत. बांधकामात तर भाडेकरूची नजर आणखी तोकडी पडते. छताचा एकच तुकडा ताजा रंगवलेला असेल तर तिथे बोटाने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर आतली सळई गंजून काँक्रीट सुटलेलं असू शकतं. गंजलेलं लोखंड मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागतं, म्हणून भेग नेमकी सळईच्या रेषेत उमटते. केसाएवढ्या आडव्यातिडव्या भेगा बहुधा गिलाव्यापुरत्या असतात. शंका असेल तर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. महिन्याभराने भेग खुणेपुढे गेली असेल तर अभियंत्याला बोलवायलाच हवं.

पण खांब एका घराचा नसतो. चौथ्या मजल्यावरचा मालक कितीही सज्जन असला तरी तळमजल्याचा खांब तो एकटा दुरुस्त करू शकत नाही. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये आग एका घरातल्या फ्रीजपासून लागली, पण इमारतभर पसरली ती मुख्यतः बाहेरच्या आच्छादनाच्या पॉलिथिन गाभ्यामुळे. ७२ माणसं गेली. तिथे राहणाऱ्या कोणाला तो गाभा नुसता बघून ओळखता आला असता? ‘पटलं नाही तर घेऊ नका’ हे इथे कसं लागू करणार, तेवढं त्या बाजूने सांगावं.

उंबरठा:
पटलं. गॅस गिझरचं काय? आणि तक्रार केली की घर सोडायला सांगतात, त्यावर काही उपाय?

कलम_पोटकलम:
गॅसमध्ये दोघांचीही जबाबदारी खरी आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. धुराचा नळ तुंबला किंवा हवा येण्याची जाळी बंद झाली की तो घरातच साठतो. नळ मालकाचा; पण थंडी वाजते म्हणून जाळीत कापड कोंबतो तो भाडेकरू. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली किंवा गिझरभोवती काजळी धरली तर तो बंद करून खिडक्या उघडा, आणि तपासून घेतल्याशिवाय पुन्हा लावू नका. गिझर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. धुराचा अलार्म हा वायू ओळखत नाही, ही गल्लत फार होते. अलार्मवर छापलेली मुदतही बघा, संवेदक कालांतराने निकामी होतो.

नियम कसा असावा, तर इंग्लंडचा गॅसचा नियम बघा: दर १२ महिन्यांनी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासणी, आणि अहवालाची प्रत २८ दिवसांत भाडेकरूच्या हातात. कोणी, कधी, काय, सगळं ठरलेलं. ‘घर राहण्यायोग्य ठेवावे’ एवढंच मोघम लिहिलं की वाद ‘योग्य’ या शब्दावर अडकतो. आणि अहवाल फक्त कार्यालयात जमा होत असेल तर घरी न येताच शिक्के मारले जातात. राहणाऱ्याला प्रत मिळाली की तंत्रज्ञ खरंच आला होता का, हे त्याला लगेच कळतं.

तक्रारीबद्दल: तक्रार केल्यावर ठरावीक महिने घर रिकामं करून घेता येणार नाही, असं संरक्षण नसेल तर बाकी नियम कागदावरच राहतात, कारण दोष बोलून दाखवणाराच आधी बाहेर पडतो. तुमच्याकडे ते असो वा नसो, दोष लेखी कळवा, तारखेसह फोटो जोडा, दुरुस्तीची मुदत लिहा आणि पोच घ्या. करारात ‘घर आहे त्या स्थितीत स्वीकारले’ असं वाक्य असेल तर त्याखाली वीज, गॅस आणि छताचे दिसलेले दोष एकेक करून लिहा, आणि मगच सही करा.