अनुभव धागा : संगणकावरून केलेल्या गप्पा आणि पत्रं

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं आणि हळूहळू आपली ख्यालीखुशाली संगणकावर गेली. संगणकासमोर बसून कुणाशी बोलत होतात, कशावरून, आणि काय अडत होतं, ते लिहा. सुरुवात मी करते.

भाऊ मिशिगनला होता. आई सांगायची, मी सायबर कॅफेत जाऊन रोमन लिपीत मराठी टाइप करायचे. त्याचं उत्तर प्रिंट काढून घरी वाचून दाखवायचं. म्हणजे माझ्यासमोर बोलता येईल तेवढंच मायलेक बोलायचे. मराठी फॉन्ट होते, पण तोच फॉन्ट त्याच्याकडे नसला की तिकडे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. पुढे घरी संगणक आला, त्यात विंडोज एक्सपी. सेटिंगमध्ये जाऊन, सीडी घालून देवनागरी चालू करावी लागायची. भावाने फोनवर सांगत ते करवून घेतलं. यूनिकोडमधलं, म्हणजे दोघांकडे तोच फॉन्ट नसला तरी वाचता येणाऱ्या मराठीतलं, त्याचं पहिलं पत्र आईने स्वतः वाचलं. मला म्हणाली, "तू जरा बाहेर जा."

रत्नागिरी, मर्चंट नेव्ही
ताई, मायलेकांच्या मध्ये तुम्ही होतात, तसा आमच्याकडे मधला तिसरा माणूस म्हणजे कॅप्टन. सगळ्या बोटीला एकच ईमेल पत्ता. उपग्रहावरून ठरलेल्या वेळी सगळ्यांची पत्रं एकदम जायची-यायची. पैसे मजकुराच्या आकारावर, म्हणून फोटो बंद. विषयाच्या जागी नाव आणि हुद्दा लिहायचा, त्यावरून प्रिंट ज्याची त्याला. बायको त्यामुळे लाडाचं काही लिहायची नाही. मुलगी झाली ते असंच कळलं : "मुलगी. दोघी सुखरूप. वजन पावणेतीन किलो." फिलिपिनो कुकने त्या रात्री केक केला.

नाशिक
यूनिकोडचं मोल मला वेगळ्या कारणाने. मला दिसत नाही. मी एनव्हीडीए वापरतो, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध प्रोग्रामरने ते २००६ साली सुरू केलं. जुन्या फॉन्टमधलं मराठी म्हणजे एनव्हीडीएच्या लेखी इंग्रजी अक्षरंच. तो तीच बडबडत सुटतो. यूनिकोड असेल तर मराठी वाचतो, आणि अक्षर अक्षर ऐकून ऱ्हस्व-दीर्घही तपासता येतं. शाळेतल्या मित्रांना लेखनिकाशिवाय पत्र लिहिणं मला त्यानंतरच जमलं.
आता अडतं चित्रांपाशी. लग्नाची पत्रिका, निधनाची बातमीसुद्धा लोक चित्र करून पाठवतात. मला ऐकू येतं फक्त "ग्राफिक". कृपा करून मजकूर खाली टाइपही करत जा.

ठाणे
मी आणि माझे मिस्टर दोघंही कर्णबधिर. लग्न ठरल्यावर ते इंदूरला, मी इथे. फोनचा उपयोग शून्य. वेबकॅमसमोर सांकेतिक भाषेत बोलायचो. नेट मंद असलं की चित्र तुटायचं, बोटं पुसट व्हायची, मग टाइप करायचो. पण टाइप केलेल्यात चेहरा नसतो, आणि आमच्याकडे प्रश्न आहे की विधान, हे भुवयांवरून कळतं. आता चित्र स्वच्छ असतं, तरी व्हिडिओ मीटिंगमध्ये मोठी चौकट मिळते ती ज्याचा आवाज येतो त्याला. मी कितीही हात हलवले तरी कोपऱ्यातच. ऑफिसात आता एक सहकारी मीटिंग सुरू होताच सगळ्यांना माझी चौकट पिन करायला, म्हणजे पडद्यावर मोठी करून ठेवायला, सांगते.