मदत हवी आहे: कागलच्या फाउंड्रीत भाऊ भाजला, घर निपाणी तालुक्यात. भरपाईचा दावा कुठं करायचा आणि कोणत्या कायद्याखाली?

नमस्कार. थोडं लांब लिहिणार आहे. वकिलांसमोर बसलं की निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून इथं सगळं लिहून काढते.

माझा धाकटा भाऊ कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, पोअरिंगला (वितळलेलं लोखंड ओतायला) होता. आमचं गाव निपाणी तालुक्यात. कोगनोळीचा नाका ओलांडला की पलीकडं महाराष्ट्र, आणि आमच्या भागातली कितीतरी पोरं रोज मोटरसायकलवरून तिकडं कामाला जातात. तो कंपनीच्या पटावर नव्हता, कॉन्ट्रॅक्टरकडं होता. महिना १४,००० रुपये, रोख. पगाराची स्लिप कधी मिळाली नाही. हजेरीवहीतही आधारवरचं नाव नाही, घरात हाक मारतो ते नाव आहे.

मार्च २०२४ मध्ये, होळीच्या आदल्या आठवड्यात, दुसऱ्या पाळीत हे घडलं. दोघं जण लेडल (वितळलेल्या लोखंडाचं भांडं) धरून वाळूच्या साच्यात मेटल ओतत होते. साचा ओला राहिला होता. फाउंड्री ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: ओतताना लोखंड १,४०० अंशांच्या आसपास असतं. वाळूत पाणी जास्त राहिलं तर त्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला वाट मिळाली नाही की मेटल उसळून अंगावर येतं. उजवा हात, छातीची एक बाजू आणि दोन्ही पाय भाजले. चामडी अप्रन नाही, पायांवरचे गेटर (संरक्षक आवरण) नाहीत, पायात साधे कॅनव्हासचे बूट. मेटल बुटात शिरलं आणि बूट निघेना. सोबतच्या पोरानं तो कापून काढला.

३२ टक्के भाजला. ४७ दिवस दवाखान्यात होता. मांडीची कातडी काढून तीन वेळा लावली. जीव वाचला हे खरं, पण उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट तळव्याकडं आकसलंय. भाकरी डाव्या हातानं मोडतो, आणि पाहुणे आले की पानावर बसतच नाही. लावलेल्या कातडीला घाम येत नाही, त्यामुळं उन्हात गेला की अंग तापतं. फाउंड्री तर सोडाच, तंबाखूच्या शेतातही त्याला उभं राहवत नाही. प्रेशर गार्मेंट (वणावर दाब ठेवणारा घट्ट कपडा) दिवसाचे २३ तास घालायला सांगितलंय. मी शिवणकाम करते, वाटलं होतं घरीच शिवेन. पण डॉक्टरांनी समजावलं की दाब मापात बसावा लागतो, कापड सैल पडलं की वण पुन्हा जाड होतात. म्हणजे काही महिन्यांनी नवं घ्यायचं, पुन्हा पैसे.

आता खरी अडचण. त्या रात्री त्याला दवाखान्यात नेलं कॉन्ट्रॅक्टरच्या माणसानं. आम्ही पोचायच्या आत त्यानं केसपेपरवर लिहून घेतलं होतं: ‘घरी गरम पाण्यानं भाजले’. भाऊ शुद्धीवर होता, पण वेदनेनं बोलायच्या अवस्थेत नव्हता. हे आम्हाला तीन महिन्यांनी कळलं, बिलाच्या झेरॉक्स काढताना. पोलिसांत त्यामुळं काहीच नोंद नाही.

शिवाय दहाव्या दिवशी तोच माणूस शंभर रुपयांचा स्टँप पेपर घेऊन आला. ४०,००० रुपये दिले आणि ‘यापुढं आमची काही मागणी नाही’ यावर आईचा अंगठा घेतला. आईला दोष देऊ नका. त्या दिवशी औषधाचे १८,००० भरायचे होते आणि घरात काही नव्हतं.

निपाणीतले वकील म्हणतात, कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याखाली दावा टाकू, वय ३० म्हणजे रक्कम चांगली बसेल. कोल्हापूरचे वकील म्हणतात, कंपनीला ईएसआय (कामगारांचा सरकारी राज्य विमा) लागू असेल तर तो दावा उभाच राहणार नाही, दोन वर्षं फुकट जातील. भावाच्या नावावर ईएसआयचा नंबर नाही. कंपनीत पन्नासेक माणसं आहेत, पटावरच्यांना ईएसआय कार्ड आहे. मग आमचं काय धरायचं? एक जण सांगतो अपघात महाराष्ट्रात झाला म्हणून केस तिकडंच, दुसरा सांगतो राहता तिथं. दर तारखेला त्याला कोल्हापूरला न्यायचं म्हणजे जखमा उघडणार. निपाणीत चाललं तर बरं, पण आमच्याकडच्या कोर्टात कागद कन्नडमध्ये आणि आम्हाला तेवढं कन्नड वाचता येत नाही.

महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी फुले जनआरोग्य योजना जाहीर केली होती. तिचा उपयोग पुढच्या बोटांच्या ऑपरेशनसाठी कुणाला झालाय का, हेही सांगा.

येत्या मार्चात, २०२५ मध्ये, वर्ष पूर्ण होतंय. पाच आठवडे हातात आहेत.

प्रतिसाद: बेळगावकर

ताई, मी बारा वर्षं कामगार खटले चालवणाऱ्या वकिलांकडं काम केलंय. कोल्हापूरच्या वकिलांनी बोट बरोबर ठेवलंय, पण घाबरू नका.

ईएसआय कायद्याच्या कलम ५३ मुळं विमाधारक कामगाराला १९२३ च्या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही. सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये हे पक्कं केलंय. आणि ‘विमाधारक’ म्हणजे ज्याच्या नावानं विम्याची वर्गणी भरली तो एवढंच नाही, ज्याच्या नावानं भरायला हवी होती तोही. दहा किंवा जास्त माणसांचा कारखाना आणि पगार २१,००० च्या आत, म्हणजे तुमचा भाऊ त्यात येतो असंच दिसतं. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाची वर्गणी भरायची जबाबदारी पहिल्यांदा कंपनीचीच असते. तिनं भरली नाही म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही, ईएसआय महामंडळ कलम ६८ खाली ती रक्कम कंपनीकडून वसूल करतं. कामावरच्या इजेसाठी आधी इतके दिवस वर्गणी भरलेली असावी अशी अटही नाही.

हे वाईट आहे असं समजू नका. ईएसआयमध्ये बरा होईपर्यंत रोजच्या पगाराच्या ९० टक्के मिळतात, आणि कायमचं अपंगत्व ठरलं तर त्या प्रमाणात जन्मभर. एकरकमी पैशापेक्षा तिशीतल्या माणसाला मी हेच बरं म्हणेन. पण लाभाची मागणी तो देय झाल्यापासून बारा महिन्यांत करावी लागते, म्हणून या पाच आठवड्यांत ईएसआयच्या कोल्हापुरातल्या कार्यालयाला रजिस्टर पोस्टानं अर्ज जाऊ दे. पोचपावती जपून ठेवा. कंपनी आणि कॉन्ट्रॅक्टर, दोघांची नावं घाला.

१९२३ च्या कायद्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे तिथं अजून वेळ आहे. ईएसआयनं ‘ही कंपनी आमच्या कक्षेत नाही’ असं लेखी दिलं तर तेच पत्र जोडून निपाणीच्या वकिलांनी दावा टाकावा. उत्तरच आलं नाही तर मुदत संपायच्या आत दावा टाकून ठेवा आणि ईएसआयकडं अर्ज केलाय हे त्यात स्पष्ट लिहा. लपवू नका. त्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणं जखमी माणूस राहतो तिथंही दावा चालतो. कर्नाटकात तो सीनियर सिव्हिल जजसमोर असतो. अपघात दुसऱ्या हद्दीत झाल्यामुळं तिकडच्या कामगार भरपाई आयुक्तांना आणि महाराष्ट्र सरकारला नोटीस जावी लागते, ते कोर्ट बघतं.

स्टँप पेपरची चिंता सोडा. कामगारानं हक्क सोडल्याचा करार १९२३ च्याच कायद्याच्या कलम १७ खाली रद्दच असतो. ४०,००० मिळाले हे मात्र प्रामाणिकपणे सांगा. आणि फी परवडत नसेल तर कारखान्यातल्या कामगाराला कायद्यानंच मोफत वकील मिळतो, उत्पन्न न बघता. तालुक्याच्या विधी सेवा समितीत विचारा, किंवा १५१०० वर फोन करा.

आता केसपेपर. दवाखान्याकडून ऑपरेशनच्या नोंदींसह संपूर्ण रेकॉर्ड मागा, नुसतं डिस्चार्ज कार्ड नको. गरम पाण्यानं भाजलेलं आणि मेटलनं भाजलेलं एकसारखं दिसत नाही, सर्जननं काहीतरी लिहिलं असणारच. मग त्या आधारानं पोलिसांत तक्रार द्या. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची, म्हणून जुन्या दंड संहितेचं कलम ३३८ (निष्काळजीपणानं गंभीर दुखापत) लागेल, आणि त्याला तीन वर्षांची मुदत आहे. कारखाना महाराष्ट्रातला असल्यामुळं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडं माहितीच्या अधिकारात विचारा की या अपघाताची सूचना कंपनीनं दिली का. दिली नसेल तर तेही कामाला येतं.

प्रतिसाद: खानापूरचा

मी वकील नाही. सात वर्षांपूर्वी गुऱ्हाळावर उकळत्या काकवीत हात गेला होता, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र घाईत काढू नका. बोटं सोडवायचं ऑपरेशन बाकी असेल तर डॉक्टर ‘सुधारणा अपेक्षित’ लिहून टक्का कमी ठेवतात. तोवर दर महिन्याला हाताचे फोटो काढा, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवून. आणि दवाखान्याचा टक्का वेगळा, कमाई किती बुडाली तो हिशोब वेगळा. माझ्या वकिलांनी १९७५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाचा आधार घेतला होता. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर तुटला होता, आणि कोर्टानं म्हटलं, हा माणूस आता सुतारकाम करूच शकत नाही, म्हणून नुकसान शंभर टक्के. पोअरिंग करणाऱ्याचा उजवा हात म्हणजे तेच आहे.

रकमेचा अंदाज हवा म्हणून सांगतो. १९२३ च्या कायद्यात पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा आकडा. ३० वर्षांना २०७.९८. म्हणजे ८,४०० गुणिले २०७.९८, शंभर टक्क्यांना १७,४७,०३२ रुपये. चाळीस टक्के धरले तर सातएक लाख. औषधोपचाराचा खरा खर्च त्याशिवाय वेगळा मिळतो, बिलं असतील तर. प्रेशर गार्मेंटचंही बिल घेत जा.

आणि रात्री स्प्लिंट (बोटं सरळ धरून ठेवणारा आधार) घालतो का तो? कंटाळा येतो, मला माहिती आहे. मी दोन महिने सोडला आणि अंगठा गेला.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. स्प्लिंट तो घालत नव्हता. काल रात्री मी स्वतः बांधला.

दवाखान्यात जाऊन संपूर्ण रेकॉर्ड मागितलं. आधी उद्या या म्हणाले, मग लेखी अर्ज दिला, चार दिवसांनी ८६ पानं मिळाली. पहिल्या पानावर तेच गरम पाणी. पण दुसऱ्या ऑपरेशनच्या नोंदीत सर्जननं लिहिलंय: डाव्या घोट्याच्या जखमेतून धातूचे कण काढले. मी ते पान तीनदा वाचलं आणि शेजारच्या बाकावरच्या बाईला वाचायला दिलं, माझी चूक होत नाही ना म्हणून.

बूट कापणारा पोरगा त्या कारखान्यातून सुटलाय, आता दुसरीकडं कामाला आहे. तो जबाब द्यायला तयार आहे. भावानं स्वतः फोन केला त्याला. वर्षभरात त्यानं कामावरच्या कुणालाच फोन केला नव्हता.

सोमवारी ईएसआयचा अर्ज रजिस्टर करतेय, त्याची एक प्रत हातोहात द्यायला कोल्हापूरलाही जाते. एकच शंका राहिली. उजव्या हातानं त्याला आता सही येत नाही. बँकेत आणि आधारच्या अर्जावर जुनी सही आहे. अर्जावर डाव्या हाताचा अंगठा उमटवून खाली साक्षीदाराची सही घेतली तर चालेल, की डाव्या हाताच्या नव्या सहीचं आधी प्रतिज्ञापत्र करावं लागेल? रविवारपर्यंत कुणाला सांगता आलं तर फार बरं होईल.