विवेकानंद शिला : तुमचे अनुभव लिहा

डिसेंबर १८९२ मध्ये स्वामीजी कन्याकुमारीच्या खडकावर ध्यानाला बसले आणि ३१ मे १८९३ ला शिकागोसाठी निघाले ते आपल्या मुंबई बंदरातून. त्या खडकावरच्या स्मारकाला जाऊन आलेल्या मुंबईकरांनी लिहावं. तिकिटांची माहिती सगळीकडे मिळते. तुम्हाला काय वाटलं ते सांगा.

दादर : आमच्या बाबांनी शाळेत असताना या स्मारकासाठी एक रुपया दिला होता. ते उभारणारे एकनाथजी रानडे मूळचे अमरावती जिल्ह्यातले. त्यांनी आधी स्मारकाच्या बाजूने ३२३ खासदारांच्या सह्या मिळवल्या, मग देशभरातल्या साध्या माणसांकडून रुपया-रुपया गोळा केला. असे देणारे तीसेक लाख होते म्हणतात. २ सप्टेंबर १९७० ला स्मारकाचं उद्घाटन झालं, पण बाबांना तिथे नेणं आम्हाला आत्ता जमलं. बोटीत लाइफ जॅकेट घालून ते गप्प बसून होते. वर गेल्यावर पुतळ्याकडे न जाता आधी एका खांबावर हात ठेवून म्हणाले, "यात माझापण रुपया आहे." आईला तर रडूच आलं. मोठ्या देणगीदाराच्या नावाची पाटी वाचून असं कधी होत नाही.

गिरगाव : ध्यानमंडपात जरूर बसा. अंधार, समोर ॐ, आणि कुणी बोलत नाही. रोज चर्चगेट लोकलने जाणाऱ्या मला पहिली काही मिनिटं ती शांतता सोसेना, मग उठवेना.

ठाणे : श्रीपाद मंडपाबद्दल कुणीच लिहिलं नाही! देवी कन्याकुमारीने याच शिळेवर तप केलं अशी श्रद्धा आहे आणि तिच्या पावलाची खूण तिथे पुजली जाते. स्वामीजी तिथे गेले ते जागेचं हे माहात्म्य जाणूनच, असं मी मानते. घाईने पुढे जाऊ नका.

बोरिवली : समुद्र खवळला म्हणून बोटी बंद होत्या. किनाऱ्यावरूनच नमस्कार केला, देवीच्या देवळात गेलो. पुन्हा जाणार, हे तिथेच ठरलं.

मुलुंड : सकाळच्या पहिल्या बोटीची रांग धरा, नंतर ऊन फार. शेजारच्या तमिळ कवी तिरुवल्लुवरांच्या पुतळ्यापर्यंत डिसेंबर २०२४ पासून काचेचा पूल झालाय. मुलं तिथेच रमतात, म्हणून स्मारक आधी शांतपणे बघून घ्या.

डोंबिवली : दादरकर, बाबांना पायऱ्या झेपल्या का? माझी आजी हट्ट धरून बसली आहे. सीएसएमटीहून नागरकोविल गाडीने नेणार आहे.